पणजीतल्या जुन्या घरात दोन रात्री: बुटीक हॉटेल नीट कसं बुक करायचं आणि तिथे राहायचं कसं

मी म्हापशाचा, म्हणजे पणजी माझ्यासाठी कदंबाच्या (गोव्याची सरकारी बस) शटलने अर्धा-पाऊण तास, त्यामुळे पणजीत पैसे मोजून हॉटेलात राहायचं ही कल्पनाच आमच्या घरात कुणाच्या पचनी पडत नव्हती. "घर असताना हॉटेल कशाला रे, आणि तेही पणजेत?" हे आईचं. पण आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली तेव्हा मी हट्टाने दोन रात्रींचं बुकिंग केलं आणि व्यवस्थित तोंडावर आपटलो.

वेबसाइटवर फोटो होता शिसवी पलंगाचा, चार खांब, वर मच्छरदाणी, शिंपल्यांच्या खिडकीतून आत येणारा दुधाळ उजेड. प्रत्यक्षात खोली मिळाली मागच्या अंगाला, खिडकी उघडली की समोर किचनचा एक्झॉस्ट, आणि वर जायला लाकडी जिना इतका उभा की आईने दुसऱ्याच पायरीवर कठडा धरून माझ्याकडे वळून बघितलं, त्यात सगळं आलं. काउंटरवर भांडायला गेलो तर म्हणे, "सर, कॅटेगरी सेमच आहे." आणि गंमत म्हणजे ते खोटं नव्हतं! बुकिंगवर लिहिलेलं 'हेरिटेज रूम', फोटोतली ती पण हेरिटेज रूम, आमच्या नशिबी आली ती पण हेरिटेज रूमच.

त्यानंतर पुण्याची आत्या, सांगलीचे भावोजी, ऑफिसमधलं एक नवीन लग्न झालेलं जोडपं अशा पाच-सहा जणांची बुकिंगं मी करून दिली आणि दोनदा आम्ही नवरा-बायको स्वतः राहिलो, त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय. मुद्दा एकच आहे, जुन्या घरातल्या हॉटेलात तुम्ही हॉटेल बुक करत नसता, एक खोली बुक करत असता. मोठ्या हॉटेलात ३०४ काय आणि ४०४ काय, सगळं सारखंच. इथे १० खोल्या असतील तर दहाच्या दहा वेगळ्या, कारण ते मुळात कुणाचं तरी राहतं घर होतं, कुठली खोली दिवाणखाना, कुठली बाळंतिणीची, कुठली नारळ साठवायची. आता सगळ्यांना एसी लावलाय आणि भाडं जवळजवळ एकच.

आधी वाडा, म्हणजे वस्ती ठरवा, मग हॉटेल

पणजीत 'चांगल्या वस्तीत' म्हणजे नक्की कुठे, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही, मॅपवर सगळं दोन-चार किलोमीटरच्या आतच दिसतं. पण फरक खूप आहे.

फोंतायन्यास, म्हणजे आमच्या भाषेत माळ्याचा परिसर, हा रंगीत घरांचा भाग जो तुम्ही रीलमध्ये बघितलेला असतो. आल्तिनो टेकडी आणि ओरेंची खाडी यांच्या मधली ही अरुंद पट्टी, मोझांबिकमध्ये पैसा कमावून परत आलेल्या एका गोंयकाराने अठराव्या शतकाच्या शेवटी वसवलेली, लोक त्याला मोस्मिकार म्हणायचे. नाव पडलं टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यावरून. पुढे १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, आणि जुन्या गोव्यातून इकडे सरकलेली सरकारी नोकर मंडळी, व्यापारी इथेच आसपास घरं बांधून राहिली. जुन्या घरांची हॉटेलं सगळ्यात जास्त इथेच आणि शेजारच्या सांतोमे वाड्यात. पायी फिरायचं असेल, संध्याकाळी गल्लीत खुर्ची टाकून बसलेली म्हातारी माणसं बघायची असतील, तर इथेच राहा. पण गल्ल्या अरुंद, पार्किंगचं नाव काढू नका, आणि जोरदार पाऊस नि भरती एकत्र आली की माळ्याच्या सखल भागात पाणी साचतं.

आल्तिनो म्हणजे वरची टेकडी. बिशपचा पॅलेस, मंत्र्यांचे बंगले, जुनी मोठी झाडं, संध्याकाळी सातनंतर चिडीचूप. इथे शांतता विकत मिळते, पण चढ आहे, गुडघेदुखीवाल्यांना रोज खाली-वर करायला वाहन लागणारच.

कांपाल आणि मिरामार ही मांडवीकाठची, रुंद रस्ते आणि सावलीची वस्ती. चार्ल्स कोरियांनी डिझाइन केलेली कला अकादमी इथेच आहे, त्यामुळे नाटक किंवा गाणं ऐकायला येणार असाल तर दुसरीकडे बघूच नका, रात्री प्रयोग सुटल्यावर चालत रूमवर. आमचे बाबा नोव्हेंबरातल्या केसरबाई केरकर समारोहासाठी वर्षानुवर्षं म्हापशाहून यायचे आणि शेवटच्या बसच्या धसक्याने शेवटचा गायक अर्ध्यावर सोडून निघायचे, पुढच्या वेळी त्यांना कांपाललाच ठेवणार आहे.

दोनापावला छान आहे, समुद्र दिसतो, पण ते पणजीत राहणं नव्हे. बीचवर लोळायचं हेच डोक्यात असेल तर मग कांदोळी, कळंगुटला जा, पणजीचं बुटीक हॉटेल घेऊन रोज तिकडे टॅक्सी करणं म्हणजे दुहेरी खर्च.

तारखा

मे महिना आणि ख्रिसमस ते न्यू इयर हे दोन काळ मी तरी कुणाला सुचवत नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बऱ्याच ठिकाणी किमान तीन रात्रींची सक्ती असते, ३१ तारखेचं गाला डिनर बिलात आपोआप घुसतं, ते आधी विचारलं नाही तर चेकआउटला तोंड पांढरं पडतं. २० नोव्हेंबरच्या आसपास इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, २००४ पासून दरवर्षी पणजीतच, त्या वेळी खोल्या मिळणं अवघड, पण शहराला मजा असते. कार्निव्हलच्या शनिवारी फ्लोटची मिरवणूक असते, दुपारपासून रस्ते बंद, म्हणून त्या दिवशी चेक-इन असेल तर सकाळीच पोचा. नरकासुराची रात्र, दिवाळीच्या आदली, पणजीत ज्याला झोप हवी त्याने राहूच नये! आम्हाला आवडते ती गोष्ट वेगळी.

माझी आवडती वेळ म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. भाडी उतरलेली, कौलांवर शेवाळ, चिऱ्याच्या भिंती ओल्या, गल्लीत पर्यटक कमी, आणि चहा घेऊन बाल्कांवात (घरापुढच्या ओट्यावर) पाऊस बघत बसायचं. मात्र जुन्या घरांना पावसात कुबट वास येतो, तो कितीही पॉश हॉटेल असलं तरी थोडा येणारच, दमा असलेल्या माणसाला घेऊन येत असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच बघा.

पैशाचं गणित, इथे बहुतेक लोक फसतात

एका रात्रीचं भाडं ७५०० रुपयांपर्यंत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के, आणि ७५०० च्या वर गेलं की सरळ १८ टक्के. हे समजून घ्या कारण बुटीक हॉटेलांचे रेट नेमके याच आकड्याच्या आगेमागे घोटाळत असतात. ७४०० ची खोली करासकट ७७७० ला पडते, आणि ७६०० ची खोली पडते ८९६८ ला. म्हणजे भाड्यात फरक २०० चा आणि खिशातून जादा जातात ११९८. त्यामुळे ७६००-७७०० असा रेट दिसला तर फोन करून शांतपणे विचारा, "डायरेक्ट बुकिंगला ७५०० च्या आत बसेल का?" दोनदा मला बसवून मिळालंय, कारण बुकिंग साइटला द्यावं लागणारं कमिशन त्यांचंही वाचतं.

अजून एक, गोव्यात हॉटेल असो की गेस्टहाउस, १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. नाव कधी ऐकलं नसेल आणि फोटो फारच सुंदर असतील तर नोंदणी नंबर मागा, आणि अ‍ॅडव्हान्स पाठवताना क्यूआरवर हॉटेलचं नाव येतंय का कुणा भलत्याच माणसाचं ते बघा. खोटे फोटो टाकून पैसे उकळण्याचे प्रकार गोव्यात होतात, आणि सापडतात ते घाईत असलेले.

फोन करा, खरंच फोन करा

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून इथे जरा वेळ घेतो. साइटवर हॉटेल शोधा, रिव्ह्यू वाचा, रेट बघा, सगळं करा, पण पैसे भरायच्या आधी हॉटेलला थेट फोन. सकाळी ११ ते १२ मध्ये नको, तेव्हा चेकआउटची धांदल असते, दुपारी चारच्या सुमारास करा, काउंटरवरचा माणूस निवांत असतो आणि तोच तुमच्या कामाचा. मराठीत बोला, तो कोकणीत उत्तर देईल, दोघांनाही सगळं समजतं, आणि हिंदी-इंग्लिशमध्ये जी 'सर-मॅडम'ची भिंत असते ती पडते.

"रूम आहे का" हा प्रश्न शेवटी. आधी विचारायचं की तुमच्या खोल्यांना नावं आहेत की नंबर, आणि वेबसाइटवर अमुक फोटोत जी खोली आहे ती कुठली. तो सांगेल, "ती वरची, रस्त्याच्या बाजूची." मग पुढचा प्रश्न, रस्त्याच्या बाजूला रात्री किती वाजेपर्यंत आवाज असतो, खाली बार आहे का, जवळ चॅपेल आहे का (घंटा पहाटे वाजते, मला आवडते, आत्याला नाही आवडली). मागची बाजू असेल तर खिडकी उघडल्यावर काय दिसतं. असं थेट विचारलं की माणूस बहुतेक खरंच सांगतो, कारण नंतर भांडायला तुम्ही त्याच्याच समोर येणार असता.

मग जिना. लिफ्ट नसतेच, जुन्या घरात कुठून आणणार. किती पायऱ्या, कठडा दोन्ही बाजूंना आहे का, तळमजल्यावर खोली आहे का. आणि बाथरूम. ही घरं बांधली तेव्हा संडास घराच्या मागे असायचे, आताची बाथरूम नंतर कोपरा काढून बसवलेली, त्यामुळे राजेशाही खोलीला कधीकधी रेल्वेच्या डब्याएवढी बाथरूम असते. आतमध्ये पायरी आहे का हे नक्की विचारा, रात्री झोपेत त्या पायरीवर ठेच लागते, मला लागलीये.

बाकीचं पटापट: जनरेटर एसी ओढतो की फक्त दिवे आणि पंखे, लहान मुलं चालतात का (बऱ्याच ठिकाणी १२ वर्षांखालची घेत नाहीत, आणि हे साइटवर बारीक अक्षरात असतं), ब्रेकफास्ट भाड्यात आहे का, व्हेज वेगळं करून देतात का, गाडी कुठे ठेवायची, लग्न किंवा पार्टी तर नाही ना त्या तारखेला अंगणात. शेवटी म्हणायचं, "मग मला ती वरची कोपऱ्यातलीच खोली द्या, आणि तसं जरा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा." हे लिहून घेणं विसरू नका. माझ्या पहिल्या फजितीच्या वेळी माझ्या हातात फक्त 'हेरिटेज रूम' एवढे दोन शब्द होते, दुसऱ्या वेळी हातात मेसेज होता, "रूम नं. ५, फ्रंट साइड, कन्फर्म." काउंटरवरच्या मुलीने तो बघितला आणि काही न बोलता खुंटीवरून पाच नंबरची चावी काढली, पितळेची, हाताएवढी.

हिंदूंचं जुनं घर असेल तर मधोमध राजांगण असतं, तुळस, चारी बाजूंना पडवी, खोल्या आत उघडणाऱ्या. ख्रिश्चनांचं असेल तर पुढे बाल्कांव, म्हणजे बसायला दगडी बाकांचा ओटा, आत मोठा साला (दिवाणखाना), आणि खिडक्या रस्त्याकडे. हे हॉटेलवाल्याला विचारता येतं, तोही खूश होऊन सांगतो. राजांगणाचं घर शांत पण अंधारं, रस्त्याकडचं उजेडाचं पण आवाजाचं, मग तुमचं तुम्ही ठरवा.

पोचायचं कसं

मुंबईहून वंदे भारतने येणार असाल तर ती थिवीला आणि मडगावला थांबते, पणजीसाठी थिवीला उतरा, तिथून साधारण २० किलोमीटर. पणजीला सगळ्यात जवळचं स्टेशन करमळी, १०-१२ किलोमीटर, पण तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत. विमानाने असेल तर तिकिटावर आधी बघा की मोपा आहे की दाबोळी, दोन्ही 'गोवा'च लिहितात आणि लोक चुकीच्या ठिकाणी टॅक्सी बोलावतात. मोपा जानेवारी २०२३ पासून चालू आहे, तिथून पणजीला कदंबाची बस मिळते. ओला-उबरच्या भरवशावर येऊ नका, गोवामाइल्सचं अ‍ॅप घ्या नाहीतर हॉटेललाच गाडी पाठवायला सांगा, थोडे जास्त जातात पण ड्रायव्हरला गल्ली माहीत असते.

रात्रीच्या बसने आलात तर पणजीच्या कदंबा स्टँडवर सकाळी सहा-सातलाच उतराल आणि चेक-इन असतं दुपारी. बॅगा हॉटेलात टाका (हे मोफत असतं, आणि तोंड धुवायला जागाही देतात, विचारायला लाजू नका) आणि सरळ भाजी-पाव खायला चालू लागा. कॅफे भोसले, कॅफे ताटो, दोन्ही जुनी, गर्दीची. पातळ भाजी, सुकी भाजी, मिक्स, बन्स, मिरची भजी. टेबल शेअर करावं लागतं, समोरच्याचा पेपर तुमच्या ताटात येतो, ते चालवून घ्यायचं.

फोंतायन्यासच्या गल्लीत ट्रॉली बॅग ओढत नेऊ नका, फरसबंदीवर त्या चाकांचा जो खडखडाट होतो त्याने सगळ्या खिडक्यांमधून डोकी बाहेर येतात. खांद्यावरची बॅग बरी. आधार कार्ड ठेवा, मोठ्या माणसांची सगळ्यांची आयडी लागतात, पॅन कार्ड बहुतेक चालत नाही. आधारची झेरॉक्स द्यायची नसेल तर मास्क्ड (आकडे झाकलेला) आधार डाउनलोड करून ठेवा, तो चालतो का हे फोनवरच विचारून घ्या.

पहिला अर्धा तास, बॅग उघडायची नाही

खोलीत शिरलात की फोटो काढायचा मोह होतो, इन्स्टाला टाकायचं असतं, कळतं. पण आधी हे करा. एसी चालू करून २० मिनिटं चालू द्या, थेंब गळतात का ते बघा, जुन्या भिंतीतून पाइप वाकडेतिकडे नेलेले असतात, उतार चुकला की पाणी पलंगावर. गरम पाणी सोडून बघा. फ्लश. मग सगळी दारं-खिडक्या एकदा उघडून बंद करा, पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि दार आतून अडकतं, हे रात्री दोनला कळण्यापेक्षा दुपारी दोनला कळलेलं बरं. गादीवर आडवे पडा, चार खांबांचा पलंग दिसतो भारी पण करकरतो की नाही ते पडल्याशिवाय कळत नाही. मोबाइल घेऊन खोलीच्या चारी कोपऱ्यांत फिरा, चिऱ्याच्या भिंती हात-दीड हात जाड असतात, वायफाय दाराशी फुल आणि पलंगावर शून्य हे नेहमीचं.

काही खटकलं तर याच अर्ध्या तासात खाली जा. बॅग उघडली, चादर चुरगळली, आंघोळ झाली की तीच तक्रार निम्मी होते, कारण आता खोली बदलून द्यायची म्हणजे त्यांना पुन्हा सगळी साफ करावी लागते. आवाज चढवू नका. या हॉटेलांत मालक किंवा घरातलं कुणीतरी बऱ्याचदा तिथेच असतं, त्यांना भेटायचंय असं म्हणा. एकदा आमच्या खोलीत पंखा टक-टक करत होता, मालकीणबाई स्वतः स्टूल घेऊन आल्या, बघितलं, आणि म्हणाल्या, हा माझ्या सासऱ्यांच्या वेळचा पंखा आहे, टक-टक थांबणार नाही, तुम्हाला समोरची खोली देते. दिली, आणि रात्री बेबिंका पण पाठवला.

काही गोष्टी मात्र तक्रारीच्या नव्हेत. छतावर पाल असणार. फळ्यांवरून वरच्या मजल्यावरचा माणूस चालला की खाली कळणार. शिसवी कपाटाचा खालचा खण उघडणार नाही, तो कुठल्याच हॉटेलात उघडत नाही, आत काय आहे देव जाणे. शिंपल्यांच्या खिडक्यांमधून उजेड सकाळी सहालाच येतो, ज्यांना अंधारात झोपायची सवय आहे त्यांनी डोळ्यांवर पट्टी आणावी.

राहायचं कसं

लोक इथे एवढे पैसे भरतात आणि सकाळी नऊला बाहेर पडून रात्री अकराला परत येतात. मग लॉजमध्ये राहिला असतात तर काय बिघडलं असतं? दोन रात्री असतील तर एक अख्खी दुपार हॉटेलसाठी ठेवा, जेवून यायचं, पंखा लावून झोपायचं, चारला उठून पडवीत चहा.

पहाट मात्र सोडू नका. साडेसहाच्या आसपास गल्लीत पों-पों असा भोंगा ऐकू येतो, तो पोदेर, सायकलला मागे टोपली बांधून पाव विकणारा. खाली जाऊन पोई घ्या, गव्हाच्या कोंड्याची, आतून पोकळ, किंवा कडक काकणं. मग त्याच ओघात चालायला निघा, कारण साडेआठनंतर फोटोवाल्यांची गर्दी होते. सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलपाशी या, आत एक क्रूस आहे जो पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) वाड्यात होता, त्यावरच्या येशूची मान ताठ आहे आणि डोळे उघडे आहेत, बाकी ठिकाणी मान खाली आणि डोळे मिटलेले बघतो आपण. चॅपेल नेहमी उघडं नसतं, बंद असलं तर हळहळू नका. तिथून माळ्याच्या मारुतीच्या पायऱ्या चढा, वरून सगळी कौलं एका नजरेत येतात, आणि दर्शनही होतं. फेब्रुवारीत मारुतीची जत्रा असते तेव्हा आलात तर खालचा सगळा रस्ता दुकानांनी भरलेला, खाजं घ्या.

एक कळकळीची गोष्ट. ही घरं म्हणजे सेट नव्हेत, आत माणसं राहतात, काही दारांवर फोटो काढू नका अशा पाट्या आहेत आणि त्या पाट्यांसमोरच लोक पोझ देतात. कुणाच्या पायऱ्यांवर बसायचं नाही, कुणाच्या खिडकीत डोकवायचं नाही, प्री-वेडिंगचा लवाजमा घेऊन तर येऊच नका. तुम्ही त्या गल्लीत झोपायला आहात, म्हणजे दोन दिवसांचे शेजारी आहात, तसं वागलं की समोरची आजी दुसऱ्या दिवशी स्वतःहून हसते. उघड्यावर दारू पिणं गोव्यात गुन्हा आहे हेही जाता जाता सांगून ठेवतो, भावोजी.

ब्रेकफास्टला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की आम्हाला टोस्ट-ऑम्लेट नको, इथलं द्या. न सांगता बसलात तर कॉर्नफ्लेक्स, कापलेली पपई आणि लोण्याची ती छोटी पाकिटं येतात. सांगितलं तर पाव-भाजी, कधी अळसांद्यांचा तोणाक (चवळीची रस्साभाजी), नशीब असेल तर पातोळ्या (श्रावणात, हळदीच्या पानातल्या). रात्रीचं जेवण मी हॉटेलात घेत नाही, दोन कारणं, भाडं मोठं असलेल्या हॉटेलच्या रेस्टॉरंटला जेवणावरही १८ टक्के जीएसटी लागू शकतो जो बाहेर ५ असतो, आणि चालत दहा मिनिटांवर पणजीत जेवायला इतकं चांगलं मिळतं की गरजच नाही. दुपारी माशाची थाळी, हुमण (माशाची आमटी), किस्मूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), तिसऱ्या, सोलकढी, १८ जून रस्त्याच्या आसपास कुठेही गर्दी बघून शिरा. रात्री मांडवीकाठी कॅसिनोंचा लखलखाट असतो, बघायचा तर पुलाकडून बघा, जेटीजवळच्या गर्दीत शिरलात तर माणसं हात धरून ओढतात.

स्कूटर भाड्याने घ्यायची तर काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, पांढऱ्या प्लेटची कुणी स्वस्तात देत असेल तर ती बेकायदा, पोलिसांनी धरलं की दंड तुम्हाला. पणजीत मात्र तिची गरज नाही. बेतीची फेरी पायी माणसाला फुकट आहे, संध्याकाळी एकदा पलीकडे जाऊन परत या, पाण्यावरून पणजी बघायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग आणि माझ्या मते सगळ्यात चांगला.

निघताना

बिल आदल्या रात्री मागा, सकाळी नाही. ११ ला चेकआउट असतं, साडेदहाला काउंटरवर चार जण उभे असतात आणि त्या घाईत कुणी काही वाचत नाही. पाण्याच्या बाटल्या, लाँड्री, मिनीबार, हे तिन्ही बघा. 'सर्व्हिस चार्ज' अशी ओळ असेल तर काढायला सांगा, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचनांप्रमाणे तो आपोआप लावता येत नाही, हे शांतपणे म्हटलं की काढतात. त्याऐवजी टिप हातात द्या, आणि ज्याने बॅगा वर चढवल्या त्याच्यासोबत ज्या बाईंनी खोली आवरली त्यांनाही, त्या कधीच समोर येत नाहीत म्हणून राहून जातं. महाराष्ट्रात दारूच्या बाटल्या न्यायच्या असतील तर नियम आधी नीट विचारून घ्या, पत्रादेवीच्या नाक्यावर बॅगा उघडतात.

आणि घरी न्यायला पोई हवी असेल तर शेवटच्या पहाटे पोदेराकडून डझनभर घ्या, कागदात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको, घाम सुटतो. संध्याकाळपर्यंत ती चामड्यासारखी होते, घाबरू नका, तव्यावर पाण्याचा हबका मारून दोन मिनिटं झाकण ठेवायचं.